लाकडी लेथ लांब करताना : दोन टोके, एकच पाया



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकातील पाठ मात्र लाकूड कातण्याच्या लेथविषयी आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने लेथवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रात जोडधंदा म्हणून लाकडी लेथ बसविणाऱ्यांची चौकशी वाढली आहे. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, मुसळे, जिन्याचे कठडे अशी कामे खेड्यातही मिळू लागली आहेत. घरची मुले मुंबई-ठाण्याकडे जाऊन हे काम शिकून येतात. दुसरे कारण असे की, या बाबतीत आमच्याच हातून एक चूक झाली. चुकीचा सल्ला आम्ही दिला आणि नुकसान दुसऱ्याचे झाले. ती चूक इतरांकडून होऊ नये म्हणून हा पाठ.

प्रकरण काय होते

आपल्या एका सभासदांचे चिरंजीव मीरा रोडला गाळा भाड्याने घेऊन कातकाम करतात. मीरा रोड हे पश्चिम रेल्वेवरचे, दहिसर आणि भाईंदर यांच्यामधले स्टेशन. पूर्वी या भागात भातशेती, खाजण आणि मिठागरे होती. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. खाजणावर भर टाकून वस्ती आणि कारखान्यांचे गाळे उभे राहिले. हा भराव ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गावच्या देवळातील सभामंडपाचे चार लाकडी खांब बुडाशी कुजले होते. याच सभासदांच्या पडलेल्या वाड्यातून चार सागवानी तुळया निघाल्या. आजीने, म्हणजे सभासदांच्या मातोश्रींनी, त्या देवाला दिल्या. नातवाने मोठ्या हौसेने सांगितले, "खांब मीच कातून देतो, मजुरी नको." खांबाची लांबी ७॥ फूट, म्हणजे ९० इंच ठरली. गाळ्यातील लेथवर मात्र दोन सेंटरच्या मधले अंतर होते ४८ इंच. तुळया मोजून चारच होत्या. तसे जुने, मुरलेले सागवान पुन्हा मिळण्यासारखे नव्हते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी आम्हांला फोन केला. "साहेब, लेथ लांब करायचा आहे. तुमच्या कारखान्यात एवढा मोठा वर्कशॉप, काही तरी सांगा की." त्या वेळी गळीत जोरात होते, तोडणीची रोजची घाई होती. वर्कशॉपमध्ये जाऊन विचारण्याऐवजी आम्ही स्वतःच उत्तर देऊन टाकले. "त्यात काय अवघड? टेलस्टॉक सोडवा आणि चार फूट पुढे वेगळ्या लोखंडी स्टँडवर बसवा. स्टँड जमिनीत बोल्टने पक्का करा. दोन टोके दोरीने एका रेषेत धरा म्हणजे झाले."

हा सल्ला आम्हांला सुचला तो जुन्या आठवणीवरून. आमच्या लहानपणी कातारी दोन खुंट रोवून त्यांच्यामध्ये लाकूड धरीत. एकजण दोरी ओढी आणि दुसरा पटाशी लावी. काम लांब असले की खुंट लांब रोवायचा, एवढाच हिशेब. हाच हिशेब आम्ही मोटरच्या लेथला लावला.

मार्चमध्ये साखर संघातील कामासाठी मुंबईला गेलो, तेव्हा मुद्दाम मीरा रोडला उतरलो. स्टँड आमच्या सांगण्याप्रमाणे बसविलेला होता. पहिली तुळई चढविली. सुरुवातीची दहा मिनिटे बरी गेली. नंतर लाकडातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. चिरंजीव बटण बंद करायला हेडस्टॉककडे वळले, तोच टेलस्टॉकचे टोक सुटले. पन्नास किलोचे साखरेचे पोते जेवढे, तेवढ्या वजनाची ती तुळई उडून भिंतीवर आदळली. मुलगा अर्धा हात बाजूला होता. कोणाला लागले नाही, पण खांबाच्या बुडाकडचा नऊ इंचांचा भाग फाटला. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला देवळात टेकू लावून वेळ भागवावी लागली.

आता आपण पाठाकडे वळू.

लेथचा पाया काय काम करतो

लाकडी लेथचे मुख्य भाग चार. डावीकडे हेडस्टॉक, ज्यातील दाताचे सेंटर लाकडाला फिरविते. उजवीकडे टेलस्टॉक, ज्याचे टोकदार सेंटर लाकडाला दुसऱ्या बाजूने दाबून धरते. पुढे टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकविण्याचा आधार. आणि या सर्वांना धरणारा लांब पाया, ज्याला सगळे बेड म्हणतात.

बेड म्हणजे टेलस्टॉक सरकविण्याचे रूळ, असे आम्ही समजत होतो. ते अर्धेच खरे आहे. टेलस्टॉकचे चाक आवळले की सेंटर लाकडाला दाबते, आणि तितक्याच जोराने लाकूड टेलस्टॉकला मागे ढकलते. हेडस्टॉकलाही तसेच उलट बाजूस ढकलते. म्हणजे लाकूड आत दाबले जात असताना दोन्ही स्टॉक एकमेकांपासून दूर जाऊ पाहत असतात. त्यांना ओढून धरण्याचे काम बेड करतो. बैलगाडीचे जू दोन बैलांना एका मापात ठेवते, तसाच हा प्रकार आहे.

टेलस्टॉक वेगळ्या स्टँडवर बसविला की बेडचे हे काम जमिनीवर येते. जमीन म्हणजे चार इंच काँक्रीट आणि त्याखाली भराव. लाकूड फिरताना हादरे बसतात, हादऱ्यांनी स्टँड केसाकेसाने मागे सरकतो, सेंटरचा दाब कमी होतो, लाकडातले भोक मोठे होते आणि काम सुटते. आम्ही नंतर मोजून पाहिले, तर स्टँड तीन मिलिमीटर मागे गेला होता. तेवढे सरकणे पुरेसे झाले.

मग जुन्या कातारांचे खुंट कसे चालत? ते चालत, कारण दोरीने लाकूड सावकाश फिरे, थोडे पुढे आणि थोडे मागे. मोटरचा वेग आणि जोर त्यात नव्हता. सैल झाले तर कातारी पाचर ठोकून पुढे काम करी. सुटलेच, तर लाकूड जागेवर पडे, उडत नसे. पुण्याकडे उसाच्या जुन्या चरकाच्या बाभळी लाटांची जोडी 'नवरा-नवरी' म्हणून ओळखली जाई, त्या काळातील हे हिशेब. साधन बदलले की हिशेबही बदलावा लागतो, हे आम्ही विसरलो.

वाढविण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : लांब लेथ खरोखर हवा आहे काय? पलंगाचा उंच दांडा किंवा कठड्याचा खांब दोन तुकड्यांत कातून जोडता येतो. एका तुकड्याला गोल कूस आणि दुसऱ्याला तेवढेच भोक करावे, आणि सांधा एखाद्या कड्याच्या खाचेत लपवावा. शोभेच्या कामाला हे चांगले चालते आणि खर्च काहीच नाही. सावंतवाडीची लाखकामाची प्रसिद्ध कातीव कामे आठवा. त्यांतील बहुतेक काम आखूड तुकड्यांचेच असते. ज्याच्यावर छपराचे वजन येणार आहे, तो खांब मात्र अखंड असावा.

दुसरा प्रश्न : हेडस्टॉक बेडपासून सुटतो काय? बाजारात हेडस्टॉक आणि टेलस्टॉक सुटे मिळतात, आणि पुष्कळ सुतार ते लोखंडी चॅनलवर किंवा लाकडी तुळयांवर बसवितात. तुमचा लेथ तसा असेल, तर सांधा करण्याच्या फंदात पडू नये. हव्या त्या लांबीचे दोन नवे अखंड चॅनल घ्यावेत आणि दोन्ही स्टॉक त्यावर चढवावेत. हा सर्वांत सोपा आणि भरवशाचा मार्ग. हेडस्टॉक आणि बेड एकाच ओतीव लोखंडाचे असतील, तरच पुढे सांगितलेली जोडणी करावी. मीरा रोडचा लेथ तसा होता.

तिसरा प्रश्न : जाडी किती आहे? बेड वाढविल्याने लांबी वाढते, जाडी नाही. सेंटरची बेडपासूनची उंची आहे तेवढीच राहते. चौकोनी तुळईचे कोपरे किती बाहेर येतात ते आधी मोजावे. ७ इंची चौकोनी तुळईचा कर्ण जवळजवळ १० इंच भरतो. सेंटर बेडपासून निदान साडेपाच इंच उंच नसेल, तर कोपरे आधी रंध्याने किंवा वाकसाने उतरवून तुळई अठपैलू करावी. तसे करणे सर्वच जड कामांत चांगले, कारण हादरे कमी होतात.

लांबीचा हिशेब

हवी असलेली कामाची लांबी वजा सध्याची लांबी, अधिक लाकूड चढविता-उतरविता यावे म्हणून सहा इंच मोकळे. आमच्या कामात ९० वजा ४८ म्हणजे ४२, अधिक ६, असे ४८ इंच वाढवावे लागले. पुष्कळजण हे सहा इंच विसरतात. मग ५० किलोचे लाकूड हातात धरून टेलस्टॉक मागे घ्यायला जागाच उरत नाही.

जोडणी कशी केली

एप्रिलमध्ये गळीत संपल्यावर आम्ही आपल्या वर्कशॉपमधील एका अनुभवी फिटरना घेऊन पुन्हा मीरा रोडला गेलो. गिरणीचे रोलर लेथवर चढवून त्यांच्या खाचा नव्याने कापण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. गाळ्यात शिरल्यावर त्यांनी तो वेगळा स्टँड पायाने हलवून पाहिला आणि विचारले, "हा कोणाचा सल्ला?" आम्ही म्हणालो, "आमचाच." ते एवढेच म्हणाले, "साहेब, वरचा रूळ तुटका असला तरी चालेल, खालचा पाया तुटका नको." या पाठातील मुख्य गोष्ट हीच आहे.

काम या क्रमाने केले.

एक. १५० मिलिमीटर उंचीचे दोन अखंड चॅनल, प्रत्येकी ११ फुटांचे, आणले. असा चॅनल मीटरला साधारण १६-१७ किलो भरतो. दोन चॅनलमधले अंतर लेथच्या पायांतील भोकांप्रमाणे धरले आणि दर दोन फुटांवर आडवे तुकडे बोल्टने जोडले. वेल्डिंग टाळले, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते आणि सरळ चॅनलला बाक येतो.

दोन. ही सांगाड्याची जोडी आधी मोकळी पाणसळीत बसविली. जिथे पोकळी होती तिथे पत्र्याच्या पट्ट्या सारल्या आणि मगच जमिनीचे बोल्ट आवळले. पोकळी ठेवून बोल्ट आवळला तर सांगाडा जमिनीच्या आकाराप्रमाणे वाकतो. जमीन यंत्राला जुळवावी, यंत्र जमिनीला जुळवू नये. पुठ्ठा किंवा रबर सारू नये, ते कालांतराने दबते.

तीन. जुना लेथ आहे तसा या सांगाड्याच्या डाव्या भागावर बसविला. उजवीकडच्या चार फुटांत जुन्या बेडच्या पट्ट्यांच्या रुंदीचे दोन जाड पोलादी पट्टे बसविले. ते शेजारच्या गाळ्यातून मशीनवर सपाट करून घेतले होते. पट्ट्यांखाली लोखंडी ठोकळे आणि पत्र्याच्या पट्ट्या घालून उंची जुन्या बेडशी मिळविली. म्हणजे वरच्या बाजूस सांधा आहे, पण त्याच्या खालून ११ फुटांचा चॅनल अखंड जातो. सेंटरचा सारा ताण तो घेतो.

चार. सांध्यावर पोलादी पट्टी आडवी धरून बॅटरीचा उजेड मागून पाडला. फट दिसत नाही तोपर्यंत पट्ट्या सारल्या. टेलस्टॉक सांध्यावरून हाताने पुढेमागे सरकवून पाहिला. एके ठिकाणी अडत होता, तिथली धार कानशीने मारली.

पाच. सर्व बोल्ट एकदम न आवळता थोडे थोडे, समोरासमोरचे असे आवळले. दर फेरीनंतर पुन्हा तपासणी केली. बोल्ट आवळताना बेडला पीळ पडतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

सरळपणा कसा तपासावा

पीळ पाहण्यासाठी पाणसळ बेडवर आडवी ठेवावी, एकदा हेडस्टॉकजवळ, एकदा सांध्यावर आणि एकदा टोकाला. तिन्ही ठिकाणी बुडबुडा सारखाच दिसला पाहिजे. तो बरोबर मध्येच हवा असे नाही, पण तिन्ही ठिकाणी एकसारखा हवा.

उंची पाहण्यासाठी शेताच्या बांधबंदिस्तीला वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी चालते. एक टोक हेडस्टॉकच्या सेंटरशी आणि दुसरे टेलस्टॉकच्या सेंटरशी धरावे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

बाजूची रेघ पाहण्यासाठी दोन्ही सेंटरमध्ये बारीक तार ताणावी. तार खाली थोडी झोळते, पण डावी-उजवीकडे जात नाही. म्हणून बाजूच्या मापाला ती विश्वासू आहे, उंचीच्या मापाला नाही. बेडच्या आतल्या कडेपासून तारेचे अंतर दर फुटावर मोजावे.

येथे एक दिलासा देतो. लोखंडी लेथमध्ये हत्यार बेडवरून सरकते, त्यामुळे बेडचा थोडा दोषही कामात उतरतो आणि गोल काम निमुळते होते. लाकडी लेथमध्ये पटाशी हातात असते आणि जाडी आपण मापकाने तपासतो. त्यामुळे एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने खांब बिघडत नाही. तेव्हा लोखंडी लेथच्या बारकाईच्या मागे लागून खर्च वाढवू नये. सेंटर फार तिरके लागले मात्र भोक झिजते, हादरे वाढतात आणि भोक पाडण्याचे काम वाकडे जाते. भक्कमपणा आधी पाहावा, बारकाई नंतर.

लांब काम का थरथरते

बेड कितीही पक्का असला तरी लांब आणि बारीक लाकूड स्वतःच वाकते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच दाबाने ते मध्यावर आठपट वाकते. लांबी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर सोळापट. शिवाय ज्या वेगाला लाकूड दोरीउड्यांच्या दोरीसारखे फुगू लागते, तो वेग लांबी दुप्पट झाली की चौथाईवर येतो. आडसाली उसाचे कांड्यांवर कांडे वाढत गेले की वाऱ्यात तो लोळतो, हे आपण पाहतोच. ठेंगणा ऊस त्याच वाऱ्यात उभा राहतो. येथेही तोच न्याय.

उपायही तसाच आहे. उंच ऊस आपण एकमेकांना बांधून आधार देतो. लेथवर मध्यभागी आधार-कडी लावावी. जाड फळीला खांबापेक्षा मोठी गोल खाच करून तिच्यात तीन बाजूंनी बेअरिंगची छोटी चाके बसवावीत, आणि ती फळी बेडला आवळावी. आधी मध्यावरचा चार बोटे भाग अगदी हलक्या हाताने गोल करावा, मग चाके त्याला नुसती टेकतील अशी आणावीत. दाबून लावली तर लाकूड तापते आणि काळा पट्टा पडतो. सहा इंची खांबाला आधार नसला तरी निभावते. दोन इंची मुसळ किंवा पाळण्याचा दांडा चार फुटांच्या पुढे गेला, की आधाराशिवाय कातू नये.

वेग

मोटर साधारण मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवर ३ इंची आणि लेथवर १२ इंची पुली असेल तर लाकूड ३६० फेरे फिरते. सहा इंची खांबाला सुरुवात या वेगाने करावी. यापेक्षा कमी करता आला तर उत्तम. गोल झाल्यावर, घुमण्याचा आवाज नसेल तर, एक पायरी वाढवावी. ३६० फेऱ्यांनाही सहा इंची खांबाचा पृष्ठभाग पटाशीसमोरून मिनिटाला सुमारे ५६५ फूट जातो. धारदार पटाशीला तेवढे पुरते. साल तुटक निघू लागली, तर वेग न वाढविता धार लावावी. आवाज बदलला की थांबावे. आमच्या वेळी लाकडाने आधी सांगितले होते, आम्हीच ऐकले नाही.

जिवाची काळजी

लेथ लांब झाला की नवे धोके येतात.

१) बटण हेडस्टॉकपाशीच राहते आणि कातणारा आठ फूट लांब उभा असतो. दुसरे बंद करण्याचे बटण टेलस्टॉकच्या टोकाला बसविलेच पाहिजे. बेड वाढवून बटण न वाढविणे म्हणजे विहीर खोल करून दोर तोच ठेवणे.

२) चालू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. पहिल्या काही मिनिटांनंतर लेथ थांबवून टेलस्टॉकचे सेंटर पुन्हा आवळावे, कारण लाकूड टोकाशी दबते.

३) जुन्या तुळईत खिळे असतात. ते सर्व काढावेत, चुंबक फिरवून पाहावे. तडा सेंटरच्या भोकातून जात असेल तर ते टोक कापून टाकावे.

४) टूल रेस्ट लाकडापासून बोटभर अंतरावर ठेवावा आणि लाकूड बारीक होईल तसा जवळ घ्यावा. लांब रेस्टला दोन पाय असावेत.

५) उपरणे, मफलर, सैल बाह्या, हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये. डोळ्यांवर चष्मा असावा. लहान मुलांनी समोरच्या रेषेत उभे राहू नये.

काळ्या रानातील शेड

आपल्याकडे कोणी विहिरीजवळच्या शेडमध्ये लेथ बसविणार असेल, तर जमिनीचा विचार आधी करावा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओतलेला पातळ कोबा एका बाजूने उचलला जातो. खाली मुरूम टाकून, धुम्मस करून, लेथच्या लांबीएवढा एकच काँक्रीटचा चौथरा करावा. दोन टोकांना दोन वेगळे चौथरे करू नयेत.

मीरा रोडच्या भरावाने हेच दाखवून दिले. जुलै २०२३ च्या पावसानंतर गाळ्याची फरशी उजव्या टोकाला थोडी खचली. अखंड सांगाडा असल्यामुळे यंत्राला पीळ पडला नाही. बोल्ट सैल करून, पाणसळ लावून, टोकाखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या सारल्या आणि अर्ध्या दिवसात काम पुन्हा सुरू झाले. वेगळा स्टँड असता, तर दुसरी तुळईही गेली असती.

शेवटी काय झाले

चारही खांब कातून झाले आणि दसऱ्याच्या आधी उभे राहिले. ज्याचे बूड फाटले होते, त्याचा नऊ इंचांचा भाग कापून टाकावा लागला. तो खांब आखूड पडला, म्हणून त्याच्याखालचा दगडी तळखडा नऊ इंच उंच करून घेतला. दगडाचे पैसे आम्ही दिले, आणि ते देणे आमचेच होते.

खांब उभे राहिले त्या दिवशी आजींना देवळात आणले. त्यांनी चारही खांबांवरून हात फिरविला आणि त्या एका खांबापाशी थांबून विचारले, "ह्याचा दगुड उंच का रं?" नातू आमच्याकडे पाहू लागला. आम्ही झाले ते सर्व सांगितले. आजी म्हणाल्या, "पोराला लागलं न्हाई न्हवं? मग दगुड ऱ्हाऊ द्या तसाच."

तो दगड आजही तसाच आहे. आपल्यापैकी जे देवळात जातात आणि एका खांबाचा तळखडा उंच का म्हणून विचारतात, त्यांना हे उत्तर मिळेल.

ध्यानात ठेवण्याजोगे

सेंटरचा दाब बेडने पेलावा, जमिनीने नव्हे. वरचा सांधा चालेल, पण खालचा पाया अखंड हवा. हेडस्टॉक सुटत असेल तर सांधाच करू नये. वेग कमी, मध्ये आधार आणि दोन्ही टोकांना बटण असावे. आणि ज्याला जे काम ठाऊक आहे, त्याला विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, हे आमच्यासाठी.

ज्या सभासदांना लेथ वाढवावयाचा असेल, त्यांनी आपल्या लेथच्या बेडची लांबी, सेंटरची उंची आणि शेडच्या जमिनीचा प्रकार लिहून शेतकी खात्यात आणून द्यावा. आम्ही तो कागद वर्कशॉपकडे नेऊ, आणि या खेपेस उत्तर तिथल्या माणसांना विचारूनच कळवू.

— ऊस विकास अधिकारी